चाळिशीनंतर काट्यांचं घड्याळ म्हणजे बेजबाबदारपणा?

काटेकोर:
परवाच्या व्यायामाच्या धाग्यावर 'फिटमफाट' यांनी एक वाक्य टाकलं: "चाळिशी उलटल्यावर काट्यांचं घड्याळ घालणं म्हणजे नुसतं मिरवणं. स्मार्टवॉचसारखं जीव वाचवणारं यंत्र मनगटावर बांधता येत असताना ते न घेणं हा घरच्यांच्या बाबतीत बेजबाबदारपणा आहे." खाली लोकांनी धडाधड अंगठे उंचावलेत. तिथे चार ओळी लिहायला बसलो आणि पानभर झालं, म्हणून हा वेगळा धागा. स्मार्टवॉच वापरून सोडलंय, तेव्हा "आधी वापरून बघा" असा सल्ला कृपया नको.

वेळ दाखवण्याचा प्रश्न कधीच मिटलाय. जपानच्या सेइको कंपनीनं १९६९च्या डिसेंबरात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आजच्या साध्यातल्या साध्या क्वार्ट्झमधला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि घड्याळ महिन्याकाठी फार तर पंधराएक सेकंद मागेपुढे होतं. सेल दोन-तीन वर्षं विचारत नाही. स्मार्टवॉच फोनकडून वेळ घेतं, त्यामुळे जास्त अचूक, कबूल. पण त्या पंधरा सेकंदांवाचून कोणाची गाडी चुकली?

आता आयुष्य. लिथियम बॅटरी काहीशे ते फार तर हजारेक वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. रोज चार्ज करायचं घड्याळ म्हणजे हिशोब तुम्हीच करा. बॅटरी बदलायची तर काच चिकटवलेली. आणि ती बदलली तरी आतलं सॉफ्टवेअर कंपनीच्या मर्जीवर. अ‍ॅपलच्या २०१५च्या पहिल्या घड्याळात १८ कॅरट सोन्याचंही मॉडेल होतं. २०१८चं वॉचओएस ५ हे घड्याळाचं नवं सॉफ्टवेअर त्यावर चाललंच नाही. सोनं शाबूत, घड्याळ कालबाह्य. पेबल ही स्मार्टवॉचची कंपनी २०१६च्या शेवटी फिटबिट या दुसऱ्या कंपनीला विकली गेली आणि २०१८च्या जूनमध्ये सर्व्हर बंद. अशी वस्तू न घेणारा बेजबाबदार?

चार्जर_कुठाय:
बॅटरीचं सगळं खरं आहे, माझ्या नावावरून कळलंच असेल. पण माझ्या बाबांचं ऐका.

ताईनं त्यांना घड्याळ दिलं तेव्हा ते वैतागले होते. पट्ट्यानं खाज सुटते, हात हलवला की उजेड पडतो, एक ना दोन. मग त्यावर 'ठोके अनियमित' असा इशारा यायला लागला. बाबांनी मला फोन करून काय सांगावं? "तुझ्या बहिणीनं फॉल्टी पीस आणलाय, बदलून आण." छातीत दुखणं नाही, धाप नाही, जिने चढत होते. ताईनं जबरदस्तीनं डॉक्टरांकडे नेलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, निघालं. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी लगेच सुरू झाली.

तुमच्या ३२,७६८ कंपनांनी हे सांगितलं असतं का काटेकोर साहेब?

ता.क. पेबलचं अर्धंच सांगितलंत. हौशी लोकांनी 'रेबल' काढून त्या सेवा पुढे चालवल्या.

काटेकोर:
वडील बरे आहेत हे वाचून बरं वाटलं, मनापासून. पण एकाच्या वडिलांवरून सगळ्या जगाला बेजबाबदार ठरवता येत नाही. आणि वस्तू चालू ठेवायला हौशी लोकांची फौज लागते, यातच सगळं आलं.

नाडीवैद्य:
(पेशानं अ‍ॅलोपॅथीची डॉक्टर आहे, टोपणनाव गमतीचं.) दोघांनाही थोडं थोडं टोचणारं लिहिते.

अनियमित ठोके पकडण्यात ही घड्याळं कामाची आहेत. २०१९ साली अ‍ॅपलच्या घड्याळावरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चार लाखांहून जास्त माणसं होती. इशारा आला तो अर्ध्या टक्क्याला. पासष्टीच्या पुढच्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास, चाळिशीच्या आतल्यांत नगण्य. इशारा आलेल्यांना छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी पाठवली. ज्यांनी ती लावून परत केली त्यांतल्या साधारण तिघांतल्या एकाला त्या काळात फिब्रिलेशन सापडलं. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांचे इशारे खोटेच होते असंही नाही. पण तरुण, धडधाकट माणूस घड्याळाचा स्क्रीनशॉट घेऊन माझ्यासमोर घाम पुसत बसतो तेव्हा आधी त्याला पाणी द्यावं लागतं, ही वस्तुस्थिती.

जाहिरातीत न सांगितलेल्या गोष्टी: घड्याळाचा ईसीजी एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच कोनातून बघणारा. हार्ट अटॅक त्यात कळत नाही. छातीत कळ आली आणि घड्याळ 'नॉर्मल' म्हणालं म्हणून घरी बसू नका. मनगटावर रक्तदाब मोजणाऱ्या काही घड्याळांना दर चार आठवड्यांनी दंडाच्या मशिनशी जुळवून घ्यावं लागतं, मग ते मशीनच वापरा ना! आणि सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं तर मुळीच घेऊ नका. औषधांना आणि उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०२४च्या फेब्रुवारीत स्पष्ट सांगितलं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतेल.

निशाचर:
साखर, दाब राहू द्या. माझी झोप या घड्याळानं उडवली त्याचं काय?

सकाळी जाग यायची, अंग हलकं असायचं. मग मनगट वर केलं की झोपेचा स्कोअर अठ्ठावन्न. 'गाढ झोप कमी.' तेवढ्यात खांदे जड व्हायचे, ऑफिसात जांभया. पुढे पुढे तर रात्री दिवा घालवल्यावर आज स्कोअर किती येईल याच विचारानं टक्क जागा. काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

पाऊलखूण:
हा दोष घड्याळाचा की तुमचा? मला त्याच स्कोअरमुळे कळलं की संध्याकाळच्या कॉफीनं माझी झोप बिघडते. कॉफी सोडली, झोप सुधारली. ज्यांना आकडे झेपत नाहीत त्यांनी आकड्यांना शिव्या देऊ नयेत.

निशाचर:
झेपत नाहीत? दिवसभर ताळेबंद तपासतो हो मी. आकडा कुठून आला हे विचारायची सवय आहे, एवढंच. तुम्हाला ती नसेल तर तुमचा आनंद तुम्हाला लखलाभ.

नाडीवैद्य:
निशाचर, तुमच्यासारख्यांबद्दल २०१७ साली झोपेच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय: चांगल्या झोपेच्या आकड्यापायी झोप घालवणारे लोक. एकटे नाही आहात.

पाऊलखूण, झोपेचे टप्पे ठरतात मेंदूच्या लहरींवरून, त्यासाठी डोक्याला तारा लावाव्या लागतात. घड्याळाकडे फक्त हालचाल आणि नाडी. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, हे ते बऱ्यापैकी सांगतं. पण 'गाढ झोप अमुक मिनिटं' हा अंदाज आहे. न हलता छताकडे बघत पडलात तर तीही झोप धरली जाते.

तीनदा_उठणारी:
घरात तान्हं बाळ आहे. घड्याळ रोज सकाळी कळवतं की तुमची झोप तुटक झाली, आज विश्रांती घ्या. अरे वा! बाळाला सांगशील का तेवढं?

नवऱ्याकडेही तेच घड्याळ. त्याचा स्कोअर नव्वदच्या वर असतो आणि तो चहा घेताना मला वाचून दाखवतो. या धाग्यावर कोणी वकील आहे का?

पाऊलखूण:
तीनदा_उठणारी, हा पुरावा कोर्टात चालेल. बाळ रडताना कोण घोरत होतं ते मिनिटामिनिटाला नोंदलेलं असतं. बघा, झाला की नाही उपयोग?

तीनदा_उठणारी:
विनोद कळला. पण रोजची सूचना बंद करायचं बटण सापडायला मला पाच मेनू आत जावं लागलं. एका हातानं, दुसऱ्या हातात बाळ. त्यावर आधी बोला.

पाऊलखूण:
बोलतो. ते बटण लपवून ठेवणं हा चावटपणाच आहे. पण माझ्या कॉफीबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

निशाचर:
कॉफी सोडलीत म्हणून झोप सुधारली. श्रेय घड्याळाला. धन्य!

पाऊलखूण:
अहो, पण कॉफीच कारण आहे हे कळलं कोणामुळे? तुमच्या ताळेबंदामुळे?

काटेकोर:
मंडळी, धागा झोपेचा नाही. पाऊलखूण आणि निशाचर, एकमेकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चावीवाले_अप्पा:
झोप बाजूला ठेवताय तर मी येतो. तुम्ही दोघं क्वार्ट्झ की स्मार्ट यावर भांडताय, आणि चावीच्या घड्याळाचं नावही कोणी घेतलं नाही. सेल नाही, चार्जर नाही, सर्व्हर नाही.

माझं घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं. ज्या दुकानात आधी नेलं (नाव घेत नाही) त्यांनी न उघडताच सांगितलं, पूर्ण मशीन बदलावं लागेल. तसाच निघालो आणि एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी खणातून होकायंत्र काढलं, घड्याळ त्याच्याजवळ धरलं, आणि सुई गरकन फिरली. हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे घड्याळाची लय राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरलं होतं. तिचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ पुढे पळतं. फोनच्या कव्हरमधलं चुंबक, दुसरं काय! एका चपट्या डबीवर घड्याळ ठेवलं, बटण दाबून हळूच वर उचललं, काम झालं. मग मागचं झाकण उघडून मला भिंगातून दाखवलं: त्या स्प्रिंगवर झुलणारं बॅलन्स व्हील इकडून तिकडे, सेकंदाला आठ ठोके. पैसे घेतले नाहीत.

मला मशीन बदलायला सांगणाऱ्या दुकानावर खरं तर वेगळा धागा हवा.

चार्जर_कुठाय:
अप्पा, सुंदर. पण काही वर्षांनी तेलपाणी करून घ्यावं लागतं ते सांगितलं नाहीत. आणि क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या चाचणीचं, प्रमाणपत्र मिळालेलं चावीचं घड्याळसुद्धा दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंद सरकू शकतं. काटेकोरांचं स्वस्तातलं क्वार्ट्झ त्याला सहज हरवतं.

चावीवाले_अप्पा:
हरवू दे की. मला काय रॉकेट सोडायचंय?

फिटमफाट:
माझ्या एका वाक्यावर एवढं रामायण! बरं. डॉक्टरांनी पासष्टीचा मुद्दा मांडलाय, तो ऐकतो. 'चाळिशी' काढून 'पासष्टी' करतो. 'बेजबाबदारपणा' मात्र तसाच राहील. वडील घरात एकटे असतील, पडले, आणि घड्याळानं आपणहून फोन लावला, ही सोय असताना ती न घेणं याला मी दुसरं काय म्हणू?

काटेकोर:
पंचवीस वर्षांची सूट मिळाली, आभारी आहे! एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला ते द्यावं, हे मलाही मान्य करावं लागतंय, नाइलाजानं. पण ते घड्याळ म्हणून नव्हे, इशारा देणारं उपकरण म्हणून. दर तीन-चार वर्षांनी बदलायचंय हे धरूनच घ्या. आणि पडल्याचा इशारा काही घड्याळांत आपणहून चालू नसतो. सेटिंगमध्ये जाऊन बघा, नाहीतर जीव वाचवणारं यंत्र नुसती पावलं मोजत बसेल.

चार्जर_कुठाय:
हे मात्र खरं. बाबांच्या घड्याळातले मेसेज, झोप, 'उठा, चाला' हे सगळं बंद केलंय. नाडी आणि पडल्याचा इशारा एवढंच चालू. आता चिडत नाहीत. आंघोळीला जाताना चार्जरवर ठेवतात, तेवढं पुरतं.

नाडीवैद्य:
पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्टसर बांधायला सांगा. ढिला असला की मागचा हिरवा प्रकाश कातडीवर नीट पडत नाही आणि भलतेच आकडे येतात.

तीनदा_उठणारी:
मनगटावर गडद टॅटू असेल तर? नवऱ्याचा आहे.

नाडीवैद्य:
शाईमुळे नाडी चुकू शकते. दुसऱ्या हातात घालायला सांगा. स्कोअर वाचून दाखवण्यावर माझ्याकडे औषध नाही.