पेले, जनरल मेडिसी आणि १९७० चा विश्वचषक: प्रश्न मौनाचा की बोलण्याचा?

मध्यरेषा (धागाकर्ता)

नेटफ्लिक्सवरचा 'पेले' हा माहितीपट (२०२१, दिग्दर्शक बेन निकोलस आणि डेव्हिड ट्रायहॉर्न) परवा पुन्हा पाहिला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऐंशीकडे झुकलेला पेले वॉकर घेऊन येतो, वॉकर बाजूला सारतो आणि बसून बोलायला लागतो. १९५८ ला स्वीडनमध्ये अंतिम सामन्यात दोन गोल करणाऱ्या सतरा वर्षांच्या पोरापासून १९७० च्या मेक्सिकोपर्यंत चार विश्वचषक, आणि त्यांच्या मधोमध ब्राझीलचं राजकारण. १९६४ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष गुलार्टना हटवलं. १३ डिसेंबर १९६८ ला 'एआय-५' हा हुकूम निघाला. संसद बंद, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, राजकीय कैद्यांना हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान द्यायचा हक्क, नाही. कोठडीतल्या छळाला मग धरबंधच उरला नाही. सत्य आयोगाच्या २०१४ च्या अहवालात मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या ४३४ जणांची नोंद आहे.

याबद्दल विचारल्यावर पेले म्हणतो, मला काहीच ठाऊक नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण बऱ्याच गोष्टी आम्हाला कधी कळल्याच नाहीत. १९७० च्या संघातला त्याचा सहकारी पाउलो सेझार काजू मात्र त्याच माहितीपटात स्पष्ट बोलतो. पेलेवर माझं प्रेम आहे, पण तो 'होय साहेब' म्हणणाऱ्या काळ्या माणसासारखा वागला, त्याच्या एका वाक्याने फार फरक पडला असता, असं त्याचं म्हणणं.

मला काजूच्याही पुढे जायचंय. चर्चा नेहमी 'पेले गप्प का राहिला' याभोवतीच फिरते. गप्प राहणं मी समजू शकतो. पण तो गप्प नव्हता! १९७२ ला, दडपशाही ऐन भरात असताना, उरुग्वेच्या एका वर्तमानपत्राला त्याने सांगितलं की ब्राझीलमध्ये हुकूमशाही नाही, आम्ही स्वतंत्र आहोत, आणि देशाचं भलं कशात आहे ते आमच्या नेत्यांना कळतं. पुढे ब्राझीलची जनता मतदानाला अजून तयार नाही, असंही बोलला. भीतीने माणूस तोंड मिटून बसतो हे खरं, पण हुकूमशाहीला प्रशस्तिपत्र देण्यासाठी भीती एवढंच कारण मला पुरेसं वाटत नाही. तुमचं काय मत?

शाहूपुरी

पूर्ण असहमत. कोल्हापुरात विश्वचषक आला की पेठापेठांत ब्राझीलचे झेंडे लागतात, त्यातच मी वाढलोय, त्यामुळे माझा ओढा कुठे हे आधीच सांगतो. पण मुद्दा भावनेचा नाही.

जुआव सालदान्याचं काय झालं बघा. उघड उघड कम्युनिस्ट, आणि पात्रता फेरीतले सहाच्या सहा सामने जिंकून दिलेला प्रशिक्षक. तेव्हाचा लष्करी राष्ट्राध्यक्ष जनरल मेडिसी, त्याला संघात दारिओ हा खेळाडू हवा होता. सालदान्या म्हणाला, राष्ट्राध्यक्षांनी मंत्री निवडावेत, संघ मी निवडतो. मार्च १९७० मध्ये, स्पर्धा तोंडावर आलेली असताना, गच्छंती. कारणं आणखीही होती, पेलेशीही त्याचं बिनसलं होतं, पण ज्याला जो निरोप पोचायचा तो पोचला. त्याच्या जागी झगालो प्रशिक्षक म्हणून आला आणि दारिओ मेक्सिकोला गेला.

दुसरं म्हणजे, त्याच वर्षी राजकीय पोलिसांनी पेलेचीही चौकशी केली होती. का? तर राजकीय कैद्यांना सोडा अशी मागणी करणारं पत्रक कुणीतरी त्याच्या हातात दिलं होतं. नुसतं हातात दिलं होतं! अशा माणसाला दोन वर्षांनी परदेशी पत्रकार हुकूमशाहीबद्दल विचारतो, तेव्हा त्याने काय उत्तर द्यावं अशी तुमची अपेक्षा आहे?

मुहम्मद अलीचं उदाहरण नेहमी तोंडावर फेकलं जातं. १९६७ ला अलीने सैन्यात जायला नकार दिला, किताब गेला, उमेदीची वर्षं गेली. पण १९७१ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. ब्राझीलमध्ये दाद मागायला जागाच कुठे होती? जुका कफुरी हा पत्रकार माहितीपटात हेच सांगतो, की अलीच्या मानेवर छळाची टांगती तलवार नव्हती.

रानवारा

शाहूपुरी, अलीला बाजूला ठेवू. ब्राझीलमधलाच माणूस घ्या. अफोन्सिन्यो, बोटाफोगोचा मिडफिल्डर. दाढी काढ म्हणून क्लबने हट्ट धरला, याने काढली नाही. क्लब खेळवेना आणि दुसरीकडेही जाऊ देईना, कारण त्या काळी करार संपला तरी खेळाडूचा 'पास' क्लबच्याच ताब्यात असायचा. तो लवादात गेला आणि १९७१ ला स्वतःचा पास मिळवला. मेडिसीच सत्तेवर होता ना तेव्हा? गंमत म्हणजे फुटबॉलमध्ये स्वतंत्र माणूस एकच, अफोन्सिन्यो, हे उद्गार खुद्द पेलेच्या नावावर आहेत. म्हणजे त्याला कळत होतं.

शेजारच्या चिलीतला कार्लोस कास्सेली घ्या. १९७४ च्या विश्वचषकाआधी तिथला हुकूमशहा पिनोशे संघाला निरोप द्यायला आला, एकेकाशी हात मिळवत पुढे सरकला. कास्सेलीने हात पाठीमागे बांधून ठेवले. यांच्यामागे पेलेएवढं नाव नव्हतं. तीन विश्वचषक जिंकलेल्या माणसाला हात लावायची मेडिसीची छाती झाली नसती.

शाहूपुरी

कास्सेलीची गोष्ट अर्धी सांगितलीत. त्याच्या आईला पकडून नेलं आणि तिचा छळ झाला. १९८८ च्या सार्वमताआधी ती माउली टीव्हीवर येऊन स्वतः ते बोलली, आणि मग कॅमेऱ्यात शेजारी कास्सेली दिसला. पेलेलाही घरदार होतं. 'हात लावायची छाती झाली नसती' हे आपण आज म्हणतो, १९७० ला ते कुणी छातीठोक सांगितलं असतं?

अस्मानी

दोघांचं वाचलं. डिसेंबर १९७५, कराडचं साहित्य संमेलन आठवतं. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्या तुरुंगात गेल्या. दुर्गाबाई एकच. तेव्हा कितीतरी मोठे लेखक गप्प बसले, काहींनी तर अनुशासनाचं कौतुकही केलं, आणि त्यांची पुस्तकं आपण आजही आवडीने वाचतो. बाउरूच्या गल्लीत बूटपॉलिश केलेल्या, कोवळ्या वयात सँटोस क्लबला गेलेल्या पोराकडून मात्र दुर्गाबाईंची अपेक्षा!

मला माहितीपटात खटकलं ते वेगळंच. डेल्फिम नेतोही त्यात बोलतो. हा एआय-५ वर सही करणारा मंत्री. त्याचं बोलणं ऐकून प्रेक्षक पुढे जातो, आणि बाहेर आल्यावर भांडतो ते पेलेबद्दल. ज्याने सही केली त्याच्यावर कुठे धागा निघालेला मी पाहिला नाही.

वाचनवेडा

तुरुंगात असलेल्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो. डिल्मा रुसेफ १९७० च्या जानेवारीत पकडली गेली, तिचा अनन्वित छळ झाला. ती राष्ट्राध्यक्ष असताना २०१४ च्या विश्वचषकाच्या वेळी तिने सांगितलं होतं की, कैदेतल्या डाव्यांमध्ये आधी चलबिचल होती, ब्राझील जिंकला तर मेडिसीचं फावेल म्हणून. शेवटी सगळे संघाच्याच बाजूने ओरडले.

आणि ही स्पर्धा चालू असतानाच, ११ जूनला, डाव्या गनिमी बंडखोरांनी रिओत पश्चिम जर्मनीच्या राजदूताचं अपहरण केलं. त्याच्या बदल्यात ४० कैदी सुटून अल्जीरियाला गेले. म्हणजे १० तारखेला रुमेनियाशी सामना, १४ ला पेरूशी, आणि मध्ये हे.

अंतिम सामन्यातला चौथा गोल पुन्हा बघा. ८६ वं मिनिट. जाइरझिन्योकडून चेंडू पेलेकडे येतो. तो घाई करत नाही, एक क्षण थांबतो, उजवीकडे बघतही नाही आणि चेंडू हलकेच सरकवतो. पडद्याच्या बाहेरून कार्लोस अल्बर्टो धावत येतो. हा गोल मेडिसीचा कसा होईल? त्याने चषक हातात धरून फोटो काढले म्हणून? कोठडीत मार खाल्लेल्या लोकांनी तो गोल आपला मानला, तर आपण कोण तो त्यांच्याकडून काढून घेणार?

मध्यरेषा (धागाकर्ता)

वाचनवेडा, तुमचा प्रतिसाद सर्वांत आवडला. गोल मेडिसीचा नाहीच, मी तसं म्हटलेलंही नाही. मेडिसी ट्रान्झिस्टर कानाला लावून स्टेडियममध्ये बसायचा, लोकांना तो आपल्यातला वाटावा म्हणून. फुटबॉल त्याला कशासाठी हवा होता हे उघड आहे.

अस्मानी, डेल्फिम नेतोबद्दल शंभर टक्के सहमत. पण गप्प बसलेल्या लेखकांना आपण 'राजा' म्हणत नाही. पेलेला 'ओ रेइ' म्हणतात. हजारावा गोल झाला, १९ नोव्हेंबर १९६९, तेव्हा माराकानावर खेळ थांबला, आणि श्वास लागलेला असताना, माइकच्या गराड्यात तो गरीब मुलांकडे लक्ष द्या म्हणाला. म्हणजे आपला शब्द किती दूर जातो हे त्याला नेमकं ठाऊक होतं. म्हणूनच १९७२ चं बोलणं मला सलतं.

शाहूपुरी

मग पुढचंही धरा की. १९७४ च्या विश्वचषकात खेळावं म्हणून वरून दबाव आला, तो गेला नाही. त्यामागे छळाच्या बातम्याही होत्या असं त्याने नंतर सांगितलं. १९८४ ला राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा यासाठीच्या 'थेट निवडणूक आत्ताच' या आंदोलनाची घोषणा छापलेला शर्ट घालून तो 'प्लाकार' मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. आणि १९९८ चा 'पेले कायदा'. क्रीडामंत्री म्हणून त्याने क्लबांची ती 'पास'ची मालकी मोडीत काढली. रानवारांनी सांगितलेला अफोन्सिन्यो ज्यासाठी एकटा लढला, ते सगळ्या खेळाडूंना मिळालं.

रानवारा

कायदा मान्य, मोठंच काम आहे ते. १९८४ मात्र मला पटत नाही. तोवर राजकीय गुन्ह्यांच्या माफीचा कायदा होऊन पाच वर्षं झाली होती, रस्त्यावर लाखो लोक होते. फुटबॉलपटू सॉक्रेटिस आणि त्याच्या कोरिन्थियन्स क्लबची मंडळी १९८२ लाच 'पंधरा तारखेला मतदान करा' असं पाठीवर छापून मैदानात उतरली होती. पेले आला तो मोर्चा निघाल्यावर.

शाहूपुरी

आणि तरीही एप्रिल १९८४ मध्ये थेट निवडणुकीची ती घटनादुरुस्ती संसदेत २२ मतांनी पडलीच. म्हणजे लढाई तेव्हाही जिंकलेली नव्हती. उशिरा आला, पण निकाल लागायच्या आधी आला. मी तरी ते त्याच्या बाजूने मोजतो, तुम्ही मोजू नका.