कथास्पर्धेतील उत्तेजनार्थ पारितोषिकाचा अर्थ काय लावावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी तासगावात एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि गेली चार वर्षे कथा लिहीत आहे. या काळात मी 11 कथास्पर्धांना कथा पाठवल्या. दहा ठिकाणांहून काहीच कळले नाही; निकाल लागल्याचेही बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी अभिनंदनाच्या पोस्टवरून समजले. अकराव्या स्पर्धेत गेल्या महिन्यात उत्तेजनार्थ पारितोषिक मिळाले.

ही कथा आमच्याकडच्या बेदाणा शेडवरची आहे. रॅकच्या जाळ्यांवर पसरलेली द्राक्षे साधारण 15 दिवसांत सुकतात आणि मग बायका ओळीने बसून रंग आणि आकार पाहून बेदाणा निवडतात. त्यातल्याच हौसाबाई नावाच्या एका बाईची ही गोष्ट आहे. मूळ कथा 3,400 शब्दांची होती आणि त्या रूपात ती तीन स्पर्धांतून बाद झाली. या स्पर्धेची मर्यादा 2,000 शब्दांची असल्याने मी चार रात्री बसून 1,400 शब्द कापले, आणि नेमक्या त्याच कथेला बक्षीस मिळाले.

प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर आले, त्यात माझ्या आडनावाची वेलांटी चुकलेली होती. कथा कुठेही छापली जाणार नाही, असे चौकशीअंती समजले. घरी सर्वांना आनंद झाला, आईने शेजारी पेढेही वाटले, परंतु कथा वाचायला मागणारे त्यांपैकी कुणीच नव्हते. माझा प्रश्न असा की, कापल्यामुळे कथा खरोखरच सुधारली, की ती केवळ नियमात बसली? आणि यापुढे स्पर्धांना कथा पाठवाव्यात, की सरळ दिवाळी अंकांच्या संपादकांकडे जावे?

चाळणी

प्रथम अभिनंदन. एका जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी मी दोन वर्षे प्राथमिक फेरीचे वाचन केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. पहिल्या वर्षी माझ्या वाट्याला 84 कथा आल्या होत्या आणि हातात तीन आठवडे होते. विषय, मांडणी, भाषा आणि परिणाम यांना प्रत्येकी 25 गुण द्यायचे आणि तिघा परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढायची, अशी पद्धत होती. या सरासरीत एक मेख आहे. तिघांनाही बरी वाटलेली कथा प्रत्येकाकडून 70 गुण मिळवते आणि पुढे जाते. दोघांना फारशी न रुचलेली पण तिसऱ्याला झोप येऊ न देणारी कथा 50, 50 आणि 95 अशी अडकते, म्हणजे सरासरी 65 भरते आणि ती मागे पडते.

अशा वेळी तो तिसरा परीक्षक बैठकीत हटून बसतो आणि मग तिला उत्तेजनार्थमध्ये जागा करून देतात. सगळीकडे असेच होते असा माझा दावा नाही, पण आमच्याकडे दोन्ही वर्षी झाले. त्यामुळे उत्तेजनार्थ म्हणजे चौथा किंवा पाचवा क्रमांक, असे मी तरी समजत नाही.

शब्दमर्यादेबद्दलही सांगते. माझ्याकडच्या लांब कथांपैकी पुष्कळ कथा शेवटच्या दीड पानात पडत. तोपर्यंत माणसे छान वागत-बोलत असत आणि मग अचानक कुणीतरी भाषण करू लागे, पत्र सापडे किंवा नायक स्वप्नातून जागा होई. तुम्ही नेमके काय कापले, हे कळल्याशिवाय तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.

मुद्रितशोधक

कथेच्या गुणवत्तेबद्दल मी बोलत नाही, व्यवहाराबद्दल दोन शब्द लिहितो. स्पर्धेच्या नियमावलीत ‘प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ असे वाक्य आहे का, ते पाहा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील 19 व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याकडे देण्यासाठी लेखी करार आणि त्यावर लेखकाची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. तेव्हा प्रवेश अर्जावर सही करताना काय कबूल करतो आहोत, ते वाचून घ्यावे. बक्षीसपात्र कथा एकदा छापण्याची परवानगी मागणे रास्त आहे, पण हरलेल्या कथेवरही हक्क सांगणारी स्पर्धा मी टाळतो. प्रवेश शुल्क बक्षिसाच्या रकमेला न शोभणारे असेल, तर तीही.

दिवाळी अंकांचे म्हणाल, तर 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला हे हक्काचे घर आहे. मात्र दसऱ्याला जाग येऊन उपयोग नाही. गणपती येईपर्यंत बऱ्याच अंकांची जुळवाजुळव होत आलेली असते, म्हणून कथा जून-जुलैत हातावेगळी करावी. ती युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना रफारांची काय दशा होते, ते आम्हीच जाणतो. तुमच्या आडनावाची वेलांटी बहुधा तिथेच घसरली असावी.

जुना वाचक

माझे वय आता 74 आहे. आमच्या उमेदीच्या काळात कथा टपालाने जात असे, सोबत स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट ठेवावे लागे आणि ते पाकीट दारात दिसले की न उघडताच ‘साभार परत’ कळे. ‘सत्यकथा’ 1982 साली बंद झाले, त्याआधी माझ्या दोन कथा तिथूनही परत आल्या होत्या. पण दुसऱ्या एका मासिकाकडून परत आलेल्या हस्तलिखिताच्या समासात कुणीतरी शिसपेन्सिलीने लिहिले होते, ‘शेवटचे पान काढून पाहा.’ मी काढून पाहिले. ती कथा पुढच्या वर्षी छापून आली. तुमच्या बाबतीत पेन्सिलीचे काम शब्दमर्यादेने केले, इतकेच.

स्पर्धांना मी कमी लेखत नाही. एम. टी. वासुदेवन नायर यांची कथा 1954 साली जागतिक कथास्पर्धेत मल्याळममध्ये पहिली आली आणि 1995 साली त्यांना ज्ञानपीठ मिळाले. मधली 41 वर्षे मात्र ते लिहीत होते.

सातासमुद्रापार

एक सुचवावेसे वाटते. कॉमनवेल्थ कथा पारितोषिकाला प्रवेश शुल्क नाही, मर्यादा 2,000 ते 5,000 शब्दांची आहे आणि इतर भाषांतून इंग्रजीत अनुवादित झालेल्या कथाही चालतात. 2016 साली पराशर कुलकर्णी यांना ते मिळाले होते, अर्थात इंग्रजी कथेसाठी. तुमची मूळ 3,400 शब्दांची कथा तिथे न कापता बसेल. कथा अप्रकाशित असावी लागते, म्हणून ती उत्साहाच्या भरात फेसबुकवर टाकू नका.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. ‘चाळणी’ यांनी विचारले म्हणून काल रात्री दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या. सुमारे 500 शब्द हौसाबाईने शेडमालकाला सुनावलेल्या बोलांचे होते. लिहिताना मला तोच कथेचा कळस वाटला होता. आता ती हातातला डाग पडलेला बेदाणा बाजूला न टाकता मुकाट्याने चांगल्या ढिगात ढकलते, तिथेच कथा थांबते.

परंतु अवकाळी पाऊस आल्यावर सगळ्या बाया रात्री शेडला ताडपत्री बांधायला धावतात, तो 700 शब्दांचा भागही मी कापला होता. तो गेल्यापासून ती डागी बेदाण्यासाठी इतकी का झगडते, ते कळत नाही. परीक्षकांना ते कसे खटकले नाही, याचेच नवल वाटते. पाऊस परत घेतला आहे, भाषण घेतलेले नाही. कथा आता 2,700 शब्दांची झाली आहे. जूनमध्ये ती एका दिवाळी अंकाकडे पाठवीन. अनुवादाचे त्यानंतर पाहू, आधी ती आईला वाचून दाखवायची आहे. तिने 12 वर्षे बेदाणा निवडला आहे, त्यामुळे चूक असेल तर ती पहिल्याच पानावर थांबवील.