मदत हवी आहे: चित्रांच्या बँडेजपट्टीला पेटंट मिळू शकेल का?

पेटंटमधल्या जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. मुलांच्या जखमेवर लावायच्या चिकट पट्टीची एक कल्पना आहे. अर्ज करण्याइतका दम तिच्यात आहे का, इथे गाडी अडली आहे.

नुसत्या चित्रावर पेटंट मागण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे. अर्ल डिक्सन यांनी चिकटपट्टीवर गॉझ बसवून बँडएड तयार केली ती १९२० मध्ये, आणि चित्रांच्या पट्ट्या बाजारात आल्या १९५१ मध्ये. नवं चित्र फार तर डिझाइन म्हणून नोंदवता येईल, पण त्यात संरक्षण फक्त दिसण्याला. युरोपात तर निव्वळ सौंदर्यनिर्मिती हा पेटंटच्या दृष्टीने शोधच धरत नाहीत.

माझ्या पट्टीतलं चित्र मात्र काम करतं. गॉझची गादी आणि वरची जलरोधक फिल्म यांच्यामध्ये ओलाव्याने रंग बदलणाऱ्या शाईत मासा छापलेला आहे. गादीभोवती पाणी न शोषणारी बारीक कड आहे आणि शाईपर्यंत जायला त्या कडेत एकच चिंचोळी वाट ठेवली आहे. गादी काठापर्यंत भिजली की स्राव त्या वाटेने वर चढतो आणि माशाचे कल्ले निळे होतात. म्हणजे पट्टी बदलायची वेळ झाली. हात धुतल्याने रंग बदलत नाही. एरवी आत काय चाललंय ते बघायला आपण पट्टी उचकटतो, खपली निघते आणि मूल कळवळतं. ते टळावं म्हणून हा सगळा खटाटोप.

आता खरी अडचण. ओलं झाल्यावर रंग बदलणारी रेघ डायपरवर कधीचीच आहे. 'चित्राची पट्टी जुनी, डायपरची रेघ जुनी, दोन्ही एकत्र करणं कुणालाही सुचलं असतं,' असं पेटंट कार्यालयाचा परीक्षक म्हणणारच. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या केएसआर निकालानंतर, आधीच माहीत असलेले घटक जोडून अपेक्षित तेच फळ मिळत असेल तर तो शोध टिकणं कठीण झालं आहे. डायपर हे वेगळं क्षेत्र, असा बचावही मला लंगडा वाटतो, कारण प्रश्न दोन्हीकडे एकच: आतला ओलावा बाहेरून कसा कळावा.

म्हणून माझा सगळा भर त्या कडेवर आणि चिंचोळ्या वाटेवर आहे. थोड्याशा ओलाव्याला दाद न देता गादी पूर्ण भिजल्यावरच इशारा देणं, हा तांत्रिक परिणाम मुख्य दाव्यात (म्हणजे कशावर हक्क हवा ते सांगणाऱ्या अर्जातल्या कलमात) मांडला तर 'हे कुणालाही सुचलं असतं' हा आक्षेप परतवता येईल का? की तुलनात्मक चाचण्यांचे आकडे अर्जातच हवेत? मासा दाव्यातून काढून त्याची डिझाइन नोंदणी वेगळी करावी, असं माझं मत आहे. चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

जुनी पेटंटं शोधताना ए६१एफ १३/०२ हा पेटंट वर्गीकरणातला चिकट पट्ट्यांचा वर्ग चाळतेय. डायपरसाठी आणखी कुठले वर्ग बघावेत? अर्ज दाखल होईपर्यंत नमुना कुणालाही दाखवणार नाही, कारण बऱ्याच देशांत आपणच आधी उघड केलेली गोष्टही आपल्याच विरुद्ध पूर्वज्ञान, म्हणजे अर्जाआधीच जगाला माहीत असलेली गोष्ट, ठरते. शाईचं रसायन म्हणूनच इथे लिहिलेलं नाही. पट्टीची रचना इथे मांडली तीही उघड झाली असं धरलं जाईल का? तसं असेल तर कृपया लगेच सांगा, धागा संपादकांना काढायला सांगते.