बारावीच्या मुलांना खोटे मार्क सांगून प्रयोग केला तर चालेल का?

दांडियाबाजारची भाची

नमस्कार. मी बडोद्यात मानसशास्त्रात एम.ए. करते, दुसरं वर्ष. सोमवारी गाईडसमोर सिनॉप्सिस ठेवायचा आहे. तिथे फजिती होण्यापेक्षा इथे झालेली बरी, म्हणून विचारते.

विषय आहे अपयशाचा पुढच्या कामावर होणारा परिणाम. माझ्या मावशीचा दांडिया बाजारात बारावी कॉमर्सचा क्लास आहे, संध्याकाळच्या बॅचला साठेक मुलं असतात. सगळ्यांना वीस कोड्यांचा पेपर द्यायचा. कुणी कितीही सोडवली तरी निम्म्यांना सांगायचं, "तुला सहा, बॅचची सरासरी चौदा." उरलेल्यांना सांगायचं, "तुला सतरा." लगेच शब्दांची यादी पाठ करायला द्यायची आणि किती आठवतात ते मोजायचं. शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून खरं काय ते सांगून टाकायचं, वर माझ्याकडून सेवउसळ.

मावशीची परवानगी पुरेल ना? पालक तिला वर्षानुवर्षं ओळखतात. आणि शेवटी खरं सांगितलं की खोट्या मार्कांचा प्रश्न मिटतो, बरोबर? मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमने तर लोकांना 'तुम्ही दुसऱ्याला विजेचे शॉक देताय' असं भासवलं होतं, म्हणजे याच्या शंभरपट.

मागच्या बाकावरचा

करून टाक गं. आमच्या वर्षी काहींनी घरी बसून स्वतःच फॉर्म भरले होते, कुणाला पत्ता लागला नाही. तू निदान खरी मुलं तरी घेते आहेस. सेवउसळ म्हटल्यावर साठाची ऐंशी होतील.

वाडीवाली

भाची, मागच्या बाकाचं ऐकू नकोस. सेवउसळीचं तेवढं खरं आहे.

आधी मिलग्रॅम. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सुरू झालेल्या त्या प्रयोगात ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ असतं. समोरच्याला शॉक बसत नव्हता, पण बटण दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. घामाने निथळत, थरथरत माणसं बटण दाबत होती. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच त्यावर सडकून टीका केली. तो प्रयोग आज शिकवतात तो 'असं पुन्हा करायचं नाही' हेही शिकवायला. त्याचा दाखला देऊन परवानगी मागितलीस तर संशोधनाला मंजुरी देणारे नैतिकता समितीवाले चहा न पाजता परत पाठवतील.

आता मावशी. तिची परवानगी म्हणजे तिच्या खोलीत बसू देण्याची परवानगी, मुलांची संमती नव्हे. बारावीतली बहुतेक मुलं अठराच्या आतली. त्यांच्या आई किंवा वडिलांची लेखी संमती हवी, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही हवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बारा ते अठरा वयाच्या मुलांचा होकार लेखी घ्यायला सांगितला आहे. पण कागदापेक्षा मला दुसरीच काळजी आहे. क्लासच्या बेन समोर उभ्या आहेत, परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे, अशा वेळी कुठलं पोरगं "मला नाही बसायचं" म्हणेल? मान हलवेल, सही करेल आणि आतल्या आत कुढत बसेल.

खोट्या मार्कांबद्दल सांगायचं तर हे मी स्वतः करून बसले आहे. माझ्या एम.ए.च्या वेळी अक्षरांची उलटापालट करून दिलेले शब्द ओळखायला लावले होते आणि ठरवून नापास केलं होतं. सहभागी होत्या हॉस्टेलच्या मुली. एकीची गोध्र्याची गाडी होती. मी स्टॉपवॉच, कागद, पेन्सिली आवरत होते, तेवढ्यात ती "येते हं ताई" म्हणून पिशवी घेऊन निघूनही गेली. खरं सांगायचं राहिलं. शुक्रवार होता.

सोमवारी तिला जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं: मार्क खोटे होते, ते कुणाला द्यायचे हे आधी चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. ती हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही चांगल्या आहात म्हणून असं सांगताय." बँकेच्या परीक्षेचा फॉर्म ती भरणार होती, तो तिने शनिवारी घरीच ठेवून दिला होता. मी तिला चिठ्ठ्यांची वही दाखवली. तिने ती पाहिली, मान डोलावली. पटलं नाही ते नाहीच.

तेव्हा वाटलं, मुलगी हळवी आहे. नंतर रॉस, लेपर आणि हबर्ड यांचा १९७५ चा पेपर वाचला आणि घसा कोरडा पडला. त्यांनी लोकांना आत्महत्येच्या चिठ्ठ्यांच्या जोड्या दिल्या होत्या, त्यातली खरी कुठली ते ओळखायचं. काहींना सांगितलं २५ पैकी २४ बरोबर, काहींना १७, काहींना १०. हे आकडे बनावट होते असं नंतर स्पष्ट सांगूनही ज्यांना १० सांगितले होते ते स्वतःला त्या कामात कच्चेच समजत राहिले. एकदा आकडा कानावर पडला की माणूस स्वतःच त्याची कारणं शोधून ठेवतो, 'माझं भाषेत पहिल्यापासून असंच' वगैरे. आकडा परत घेता येतो, ती कारणं मात्र त्याच्याचकडे राहतात. 'खोटं कळल्यावरही मनात असं उरतं, तुमच्याही उरेल' हे त्यांनी उलगडून सांगितलं तेव्हा बराच फरक पडला. म्हणजे तुला एकेकाला वेगळं बसवून वीस मिनिटं द्यावी लागतील. साठ जण, वीस मिनिटं, हिशेब कर. आणि परीक्षेच्या तोंडावर बारावीच्या पोराला "तुला सहा"? नको गं.

तीन कार्डं

वाडीवाली ताईंनी नको ते सांगितलं, मी पर्याय सुचवतो. बडोद्यात बसून स्ट्रूप का करत नाहीस? १९३५ चा जुना प्रयोग आहे, कुणाला काही खोटं सांगावं लागत नाही. 'हिरवा' हा शब्द लाल शाईत छापायचा आणि शाईचा रंग विचारायचा. वाचणं आपोआप होतं, म्हणून जीभ अडखळते.

आपल्याकडची गंमत अशी की घरात मराठी आणि शाळा गुजराती माध्यमाची, अशी मुलं ढिगाने मिळतात. एक कार्ड मराठी, एक गुजराती, एक नुसत्या रंगीत चौकोनांचं. अडखळणं कुठल्या लिपीत जास्त? निम्म्यांना मराठी आधी, निम्म्यांना गुजराती आधी दे, नाहीतर सरावाचा फायदा दुसऱ्या कार्डाला मिळेल. उत्तर कुठल्या भाषेत द्यायचं ते आधीच पक्कं कर, कारण शब्द एका भाषेत आणि उत्तर दुसऱ्या भाषेत असलं की अडथळा सहसा कमी होतो. देवनागरी ते हिंदीतूनही वाचतात, तेही नोंदव.

शब्द जपून निवड. गुजरातीत हिरव्याला लीलो म्हणतात. माझी आई लग्न होऊन इथे आली तेव्हा मांडवीत तिने निळं पातळ मागितलं, दुकानदाराने हिरव्या साड्यांची थप्पी समोर टाकली. निळ्यासाठी वादळी घे, भूरो नको. हिंदीत भूरा म्हणजे तपकिरी, मुलं गोंधळतील.

एक सांगायचं राहिलं. एखाद्याला लाल-हिरवा नीट दिसत नाही हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं आणि ते तुझ्या टेबलावर उघड होतं. शेजारी मित्र उभे असताना नको. एकेकालाच आत घे.

वाडीवाली

छान सुचवलंत. भाची, अठरा पूर्ण झालेली कॉलेजची मुलं घे, मावशीच्या क्लासमधली नकोत. संमतीचे फॉर्म एका पाकिटात, वेळेचे कागद दुसऱ्या, आणि वेळेच्या कागदावर नाव नको, फक्त नंबर. समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय पहिलं कार्डसुद्धा कुणाला दाखवू नकोस, मागच्या तारखेने काही मिळत नाही.

दांडियाबाजारची भाची

सोमवार पार पडला. गाईडना खोट्या मार्कांचं सांगितलंच नाही, थेट कार्डं ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, "शाई प्रत्येक कार्डावर सारखीच उतरेल ना?" मी प्रेसवाल्याकडे दोनदा जाऊन आले. त्याचा निळा जांभळ्याकडे झुकत होता.

समितीकडे अर्ज दिला आहे. तोवर फॉर्मची भाषा समजते का हे बघायला घरात आजीला बसवलं, तो आकडा कुठे धरणार नाही. तिने फॉर्म चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मराठी कार्ड झरझर झालं. गुजराती कार्डावर तिसऱ्याच शब्दाला, लाल शाईतल्या 'लीलो'ला, अडली: "निळा... नाही, हिरवा... अगं लाल!" मग कार्ड पालथं घालून उठली. मी म्हटलं, आजी, अजून सतरा राहिलेत. म्हणाली, "कधीही उठता येईल, कारण सांगावं लागणार नाही, असं तूच लिहिलंयस ना?" आणि चहा टाकायला गेली.