अनुभव धागा : जीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र शिकलात, पुढे काय केलंत?

भाचीला कॉलेजात जीवशास्त्र आणि जोडीला पर्यावरणशास्त्र घ्यायचंय. घरच्यांचा प्रश्न एकच : डॉक्टर व्हायचं नाही, तर जीवशास्त्र कशासाठी? सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी १८ वर्षं औषधांच्या गुणवत्ता तपासणीत आहे. त्यामुळे माझ्यापाशी उत्तर आहे, पण ते एकाच खोलीतलं. हे विषय ज्यांनी घेतले, टिकवले किंवा अर्ध्यात सोडले, त्यांनी लिहा. सल्ला राहू दे, तुमच्या बाबतीत काय घडलं ते सांगा.

माझ्यापासून सुरुवात करते. दुसऱ्या वर्षी ग्रॅम स्टेनिंगला, म्हणजे जीवाणू रंगवून त्यांचे जांभळा आणि गुलाबी असे दोन गट ओळखताना, माझी प्रत्येक स्लाइड गुलाबी यायची. जे जीवाणू जांभळे दिसायला हवेत तेही गुलाबी. दोन आठवड्यांनी बाईंनी शेजारी उभं राहून बघितलं, तेव्हा कळलं की अल्कोहोलने धुताना मी जास्त वेळ लावतेय आणि धरून राहायला हवा तो रंगही उतरतोय. काही सेकंदांचा फरक. आजचं माझं काम याच जातीचं आहे. जीवाणू वाढवायची प्लेट किती वेळ उघडी राहिली, नोंद लगेच केली की नंतर आठवून, यावर एक अख्खी बॅच अडते किंवा सुटते.

*

ताई, मी पर्यावरणशास्त्रवाला. नदी-नाल्यांच्या पाण्याची तपासणी करतो. माझं सगळं शिक्षण एका बाटलीत दाखवता येईल. ३०० मिलीची बीओडी बाटली, म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन तपासायची घट्ट बुचाची काचेची बाटली. त्यात आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलाइन आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. मग आम्ल घालून तो विरघळवायचा आणि सुटलेलं आयोडीन थायोसल्फेटने मोजायचं. ही विंकलरची पद्धत १८८८ची आहे, आजही वापरात आहे.

कॉलेजात साका कायम तपकिरीच बघितला होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका नाल्याचं पाणी घेतलं आणि साका पांढराशुभ्र आला. मला वाटलं रसायन बिघडलं. नवीन करून घेतलं, पुन्हा पांढराच. त्या पाण्यात मोजण्याइतका ऑक्सिजनच उरला नव्हता. मासे का दिसत नाहीत, हे आता विचारायची गरज उरली नाही. त्या दिवशी मी बराच वेळ बाटली हातात धरून बसलो होतो.

रसायनशास्त्र नको म्हणून पर्यावरणशास्त्राकडे येणारी मुलं भेटतात तेव्हा मला काळजी वाटते. इथे ते सुटत नाही.

*

मी सात वर्षं गवताळ भागातल्या पक्ष्यांवर काम केलं, नंतर सोडलं. दोन्हीबद्दल लिहिते.

पहाटे उजाडायच्या आत ठरलेल्या रेषेवर चालायला लागायचं. पक्षी दिसला की जात, संख्या, आपल्यापासूनचं अंतर आणि कोन टिपायचा. पेन्सिलनेच, कारण दवाने शाई फुटते. अंतर कशाला, हे कॉलेजात नीट कळलं नव्हतं. लांबचे पक्षी नजरेतून सुटतात. किती सुटले असतील याचा अंदाज त्या अंतरांवरूनच बांधतात. ‘आज ४० दिसले’ एवढ्यावर काहीच ठरत नाही.

खरी अडचण संख्याशास्त्राची झाली. निम्म्याहून जास्त रकान्यांत शून्य असलेली माहिती समोर घेऊन बसले आणि काय करायचं ते कळेना. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकायला मला एक आख्खा पावसाळा लागला. पदवीच्या पहिल्या वर्षीच कोणी हाताला धरून शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं.

सोडलं का? प्रकल्प दोन-तीन वर्षांचे, ते संपले की पुन्हा अर्ज. आणि एकदा दीड वर्षाच्या माझ्या नोंदी वापरून निबंध छापला गेला, त्यात माझं नाव नव्हतं. जाब विचारला तेव्हा उशीर झाला होता. भाचीला एवढं जरूर सांगा : कामाला हात लावण्याआधी नावाचं काय ते लेखी ठरवून घे. आता मी एका वनस्पतिसंग्रहालयात आहे. जुनी हर्बेरियम पत्रकं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती चिकटवलेले कागद, स्कॅन करते, लेबलवरचं अक्षर लावते. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी फूल कोणत्या तारखेला तोडलं हे तिथे लिहिलेलं असतं. ती तारीख आजच्या फुलोऱ्याशी ताडून बघता येते. हे काम मला मनापासून आवडतं.

*

थोडक्यात लिहितो. वनस्पतिशास्त्र, मग जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती अभ्यासणं. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२पासूनची आहेत आणि २००८पासून सगळा साठा फुकट खुला आहे. जंगल कुठे विरळ झालं ते स्क्रीनवर शोधतो. पण हिरवा दिसणारा पट्टा जंगल आहे की एकाच झाडाची लागवड, हे ओळखायला पानं हातात घेतलेली असावी लागतात. माझ्या चमूत तेवढं एक मला येतं, म्हणून माझं काम टिकून आहे.

*

मी पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करतो. रस्ता, धरण, खाण काहीही व्हायच्या आधी तिथे काय जगतंय आणि त्याचं काय होईल, हे आधी तपासायचं. अमेरिकेत १९६९च्या कायद्याने ही पद्धत आली, मग देशोदेशी गेली.

पगार बरा आहे, झोप दर वेळी बरी नसते. एका कामात पाहणीसाठी कोरड्या ऋतूतले तीन आठवडे मिळाले. त्या दिवसांत बेडूक जमिनीखाली असतात, कंद असलेल्या वनस्पतींचं वर पानही नसतं. मी अहवालात तसं स्पष्ट लिहिलं : ‘या यादीवरून इथे उभयचर नाहीत असा अर्थ काढू नये.’ छापील प्रतीत ते वाक्य नव्हतं. तेव्हापासून मी ती मर्यादा मजकुरात ठेवत नाही. यादीच्या तक्त्यातच, प्रत्येक गटासमोर, पाहणीचे दिवस आणि ऋतू घालतो. तक्ता कापला तर अहवालच उरत नाही.

चांगल्या माणसांनी या कामात यावं असं मला कळकळीने वाटतं. ज्याला बेडूक कधी वर येतो हे माहीत आहे, तोच ती जागा भरून काढू शकतो.

*

शाळेत शिकवते. डबक्यातल्या पाण्याचा थेंब, त्यात गरगरणारं पॅरामेशियम हा एकपेशीय जीव, आणि भिंगाला डोळा लावलेली मुलगी एकदम गप्प होते. त्यासाठी घेतलेली पदवी मला पुरली.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने सगळं वाचलं. घरी अजून बोलणी चालू आहेत. तिचा प्रश्न नदीवाल्या दादांना आहे : पांढरा साका स्वतः बघायचा असेल तर काय करावं?

*

पाणी उकळून, वर हवा न ठेवता गच्च बूच लावून थंड कर, म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ निघून जातो. बाटली काठोकाठ भर, आत बुडबुडा राहू देऊ नकोस. शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेव. आणि हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, सर किंवा मॅडम समोर असतानाच कर, चष्मा आणि हातमोजे घालून. दोन्हींचे रंग दिसले की इथे लिही.