स्वयंपुनर्विकासात बांधकाम व्यवस्थापक वेगळा नेमावा का? त्याचे काम आणि अधिकार यांबाबत मदत हवी आहे

नमस्कार.

डोंबिवली पूर्वेतील आमची २४ सदनिकांची सहकारी गृहनिर्माण संस्था विकासकाकडे न जाता स्वयंपुनर्विकास करीत आहे आणि मी संस्थेची सचिव आहे. सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली राज्य शासनाने ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांप्रमाणे आम्ही प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमले, त्यांच्याकडून व्यवहार्यता अहवाल घेतला, आरसीसी सल्लागारांची (इमारतीच्या काँक्रीट-सळईच्या सांगाड्याची रचना करणाऱ्या अभियंत्यांची) नेमणूक केली, नकाशे मंजूर करून घेतले आणि सहकारी बँकेचे कर्जही मंजूर झाले. सर्व सभासद भाड्याच्या घरांत राहायला गेले आहेत. आता ठेकेदाराबरोबरचा करार अंतिम करावयाचा आहे, परंतु त्याच्या मसुद्यात ‘मालकाचा प्रतिनिधी’ या कलमापुढील जागा अजून मोकळी आहे आणि तेथे कोणाचे नाव लिहावे यावर समितीचे एकमत होत नाही.

ठेकेदाराचे म्हणणे असे की त्यांचा साइट इंजिनिअर पूर्णवेळ हजर असणार आहे, त्यामुळे आणखी कोणाची गरज नाही. आमच्या खजिनदारांना वाटते की प्रकल्प सल्लागारांना आपण शुल्क देतच आहोत, मग त्याच देखरेखीसाठी दुसऱ्यांदा पैसे का मोजावेत. मी सल्लागारांचे नेमणूकपत्र पुन्हा काढून वाचले. त्यात आठवड्यातून एक भेट आणि ‘गरजेनुसार’ अधिक भेटी एवढेच लिहिलेले आहे. तिसरे मत असे की आमच्यातीलच एक सभासद सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत, ते हे काम विनामूल्य करायला तयार आहेत आणि त्यांचा मान राखला पाहिजे.

माझी काळजी निराळी आहे. आमच्यापैकी बहुतेकांची आयुष्यभराची कमाई या इमारतीत आहे, आणि ज्या दिवशी फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) भरले जाईल त्या दिवशी आत सळई किती आणि कशी बसली आहे हे संस्थेच्या बाजूने पाहणारा कोणी तेथे असेल की नाही, याचे उत्तर मला आज कोणाकडूनही मिळत नाही. काँक्रीट पडल्यावर तर ते कोणालाच दिसणार नाही. म्हणून जाणकारांना विनंती की बांधकाम व्यवस्थापकाचे रोजचे काम नेमके काय असते, ते वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि ठेकेदाराचा इंजिनिअर यांच्या कामापेक्षा वेगळे कोठे ठरते, त्याला कोणते अधिकार लेखी द्यावेत आणि त्याचे मानधन कशा पद्धतीने ठरवावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद (निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे)

सचिवताई, तुमचा शेवटचा परिच्छेद हेच या पदाचे कारण आहे, त्यामुळे तेथूनच सुरुवात करतो.

वास्तुविशारद इमारत कशी असावी हे ठरवतात, आरसीसी सल्लागार ती कशाच्या आधारावर उभी राहील हे ठरवतात आणि ठेकेदार ती उभी करतो. कागदावर ठरलेले जागेवर त्याच क्रमाने, त्याच दर्जाने आणि ठरलेल्या पैशांत होते आहे की नाही हे मालकाच्या वतीने रोज पाहणे, आणि होत नसेल तर वेळीच थांबवणे, हे बांधकाम व्यवस्थापकाचे काम. ठेकेदाराचा इंजिनिअर कितीही प्रामाणिक असला तरी त्याचा पगार ठेकेदार देतो आणि त्याच्यावर कामाचा वेग राखण्याची जबाबदारी असते. तपासणी करणारा आणि ज्याची तपासणी व्हायची तो असे दोघे एकाच पगारपत्रकावर असू नयेत.

तपासणीचा खरा भार काँक्रीट भरण्याच्या आधी असतो, हे समितीला आवर्जून सांगा. क्यूबचा (चाचणीसाठी भरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) निर्णायक निकाल २८ दिवसांनी हातात येतो, आणि तोपर्यंत वरचा स्लॅबसुद्धा भरून झालेला असू शकतो. निकाल वाईट आला तर त्यानंतर हातोडा चाचणी, कोअर काढणे (तयार काँक्रीटमधून नमुना कापून घेणे) आणि वाद एवढेच उरते. म्हणून प्रत्येक भरणीपूर्वी एक परवानगीपत्रक असावे, ज्याला साइटवर ‘पोअर कार्ड’ म्हणतात. सळईचा व्यास, संख्या आणि जोडांची जागा, कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून अंतरावर ठेवणारे ठोकळे), सेंट्रिंगची (काँक्रीटच्या साच्याची) पातळी व टेक्यांची मजबुती, बीममधून जाणाऱ्या पाइपांचे स्लीव्ह (पाइपासाठी आधीच बसवलेल्या नळ्या), राखीव व्हायब्रेटर (काँक्रीट घट्ट बसवणारे यंत्र) या सर्वांची तपासणी झाल्यावर आरसीसी सल्लागारांच्या प्रतिनिधीची आणि बांधकाम व्यवस्थापकाची सही त्यावर होते. सही नसेल तर रेडीमिक्सची (तयार काँक्रीटची) गाडी मागवायची नाही. स्लीव्ह राहून गेले की नंतर प्लंबर बीमला भोक पाडतो, आणि तशा वेळी सळई तुटल्याचे कोणी येऊन सांगत नाही.

गाडी आल्यावरही काम संपत नाही. चलनावरील ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ पाहणे, स्लंप (काँक्रीट किती पातळ आहे याची चाचणी) घेणे, मजुरांनी सोयीसाठी ड्रममध्ये पाणी ओतू नये म्हणून तेथे उभे राहणे आणि क्यूब आपल्यासमोर भरून त्यांवर तारीख घालणे, हे सगळे त्यालाच करावे लागते. आयएस ४५६ (काँक्रीट कामाची भारतीय मानक संहिता) प्रमाणे ६० घनमीटरच्या स्लॅबसाठी किमान ५ नमुने लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे ३ क्यूब असतात. त्याच संहितेत साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र (राख किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी मारण्याची अट आहे, आणि मिश्र सिमेंटला ती मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारसही आहे. आज बाजारात मिळणारे बरेचसे सिमेंट मिश्र असते, तरीही सातव्या दिवशी पाइप गुंडाळून ठेवला जातो. टेक्यांचेही तसेच आहे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखाली ते किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात, तर ६ मीटरहून लांब बीमखाली २१ दिवस. ठेकेदाराला मात्र तोच माल पुढच्या मजल्यावर हवा असतो. हा ताण प्रत्येक साइटवर असतो आणि तेथे ‘नाही’ म्हणणारा माणूस मालकाचा असावा लागतो.

दुसरा भाग वेळापत्रकाचा. तुमची २४ कुटुंबे भाड्याने राहत आहेत आणि कर्जाचे व्याज चालू आहे, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या उशिराची किंमत सभासदच भरणार. चांगला व्यवस्थापक पाया पावसाळ्यापूर्वी जोत्यापर्यंत आणण्याचा आग्रह धरतो, कारण पाण्याने भरलेल्या खड्ड्यात कडा ढासळतात आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीलाही धोका पोहोचतो. लिफ्टची मागणी तो स्लॅब पूर्ण होण्याची वाट न पाहता नोंदवून घेतो, खिडक्या, टाइल्स आणि विद्युत पुरवठ्याचा अर्ज यांची निर्णयाची तारीख समितीला आधीच कळवतो. माझ्या अनुभवात उशीर मजुरांपेक्षा अनिर्णयामुळे जास्त होतो, आणि गृहनिर्माण संस्थांमध्ये तो विशेष होतो.

तिसरा भाग पैशांचा. ठेकेदाराचे रनिंग बिल (झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याचे बिल) आले की प्रत्यक्ष मोजमाप घेऊन मोजमाप पुस्तिकेत नोंदवणे, ते टेंडरमधील बाबींशी ताडून पाहणे, रिटेन्शनची (हमी म्हणून रोखून ठेवायची) रक्कम कापली आहे ना हे पाहणे आणि मगच सल्लागारांकडे शिफारस पाठवणे, हे त्याचे काम आहे. जादा कामाचा दर काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरलाच पाहिजे. नंतर ठरणाऱ्या दरात मालकाचे काही चालत नाही. तुमच्या प्रकल्पात विक्रीच्या सदनिका असतील आणि महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणी असेल, तर खरेदीदारांच्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून ती कामाच्या प्रगतीच्या प्रमाणातच काढता येते आणि त्यासाठी अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांची प्रमाणपत्रे लागतात. साइटवरील नोंदी नीट असतील तरच ती प्रमाणपत्रे वेळेवर मिळतात.

विनामूल्य काम करू इच्छिणाऱ्या सभासदांबद्दल मी स्पष्ट लिहितो. त्यांचा अनुभव मोलाचा आहे, पण त्यांना या कलमात बसवू नका. मोबदला न घेणाऱ्या माणसाला जाब विचारता येत नाही, आणि शेजारी राहणाऱ्या सभासदाने ‘माझा ओटा थोडा सरकवून द्या’ म्हटले तर त्यांना नकार देणे जड जाईल. त्यांना समितीचे तांत्रिक सल्लागार म्हणून प्रत्येक मासिक बैठकीला बोलवा; व्यवस्थापकाचा अहवाल समजून घेऊन त्यावर प्रश्न विचारणारा माणूस समितीत असणे ही फार मोठी सोय आहे.

प्रतिसाद (ठाण्यातील एका संस्थेचे माजी अध्यक्ष)

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. एक गोष्ट वाढवतो. सभासदांनी मुकादमाला किंवा गवंड्याला थेट सूचना देऊ नयेत असा ठराव काम सुरू होण्यापूर्वीच सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्या. आमच्याकडे तो ठराव झाला नव्हता. रविवारी सभासद येत, प्रत्येक जण आपल्या घरात काहीतरी बदलायला सांगे, आणि पुढे ठेकेदाराने त्या सगळ्याचे जादा बिल संस्थेकडे पाठवले. सूचना एकाच नोंदवहीतून आणि एकाच माणसामार्फत जाऊ द्या.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. पोअर कार्डाची कल्पना आमच्यापैकी कोणालाच नव्हती आणि ती मी करारातच घालावी असे सुचवणार आहे. अजून दोन प्रश्न उरतात. काम थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापकाला दिला तर ठेकेदार त्याचा आधार घेऊन मुदतवाढ किंवा नुकसानभरपाई मागेल का? आणि मानधन बांधकाम खर्चाच्या टक्केवारीत द्यावे की दरमहा?

प्रतिसाद (निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे)

मागू शकेल, म्हणून कलमाची रचना नेमकी हवी. नकाशा, टेंडरमधील तपशील किंवा आयएस संहितेतील अट पाळली नाही म्हणून थांबवलेल्या कामासाठी मुदतवाढ वा भरपाई मिळणार नाही, असे लिहा. अन्य कोणत्याही कारणाने काम थांबवायचे असेल तर समितीची लेखी संमती आवश्यक ठेवा. आरसीसी रचनेत बदल करण्याचा अधिकार मात्र व्यवस्थापकाला मुळीच देऊ नका. तो फक्त आरसीसी सल्लागारांचा, आणि तोही सुधारित नकाशा देऊनच.

मानधन दरमहा ठरावीक द्यावे. टक्केवारी दिली तर खर्च वाढल्याने त्याचेच उत्पन्न वाढते, आणि ज्याने खर्च आवरायचा त्याच्यावर असा मोह लादणे योग्य नाही. कराराची मुदत संपल्यानंतरच्या महिन्यांसाठी दर कमी ठेवा, आणि काही रक्कम भोगवटा प्रमाणपत्र मिळून गच्ची व स्वच्छतागृहांत पाणी साठवून घेतलेली गळतीची चाचणी पूर्ण होईपर्यंत राखून ठेवा. मुलाखतीत उमेदवाराला पूर्वीच्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि क्यूब नोंदवही दाखवायला सांगा. नावे झाकून दाखवली तरी चालेल. नोंदी रोजच्या रोज केलेल्या आहेत की एका बैठकीत भरलेल्या, हे शाईवरून आणि अक्षरावरून तुमच्या निवृत्त अभियंत्यांना लगेच कळेल.