मेलेला देव परत आणायचाच असेल तर मारता कशाला?

घोडबंदर_रॉग: काल डी अँड डीवर (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पासे टाकून गोष्ट रचत खेळायचा खेळ) कोणीतरी पोस्ट टाकली, "कॅम्पेनमध्ये, म्हणजे सेशनमागून सेशन चालणाऱ्या गोष्टीत, देव बिनधास्त मारा, गरज पडली की परत आणता येतो." डोकंच फिरलं. अरे त्यातल्या फॉरगॉटन रेल्म्स नावाच्या जगाचं काय झालं बघा. तिथल्या 1358 सालात बेन, भाल, मर्कुल तिघंही देव खपले आणि बाल्डर्स गेट 3 या व्हिडिओ गेममध्ये तिघंही परत छळायला हजर. जादूची देवी मिस्ट्रा त्याच वर्षी गेली, मिडनाइट नावाची जादूगारीण तिच्या जागी बसली, 1385 ला ती पण मेली, स्पेलप्लेग नावाच्या उत्पातानं अख्खी जादू गंडली, आणि खेळाच्या नियमांची पाचवी एडिशन येईस्तोवर बाई परत जागेवर. त्यापेक्षा पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळातला आरोडन देव बरा. तिथल्या 4606 साली गेला तो गेला.

मेलेला_मर्कुल: भालनं मरणार हे ओळखून आधीच पोरं जन्माला घालून ठेवली होती, त्यांच्या जिवावर परत यायला. पहिल्या दोन बाल्डर्स गेट गेम्स त्यावरच उभ्या आहेत, ते काय फुकटचं पुनरागमन झालं?

घोडबंदर_रॉग: बरं बाबा, भाल माफ. बाकीच्यांचं बोल.

वाशीची_क्लेरिक: देवांचं सोडा, भक्तांचं काय? मी क्लेरिक, म्हणजे देवीच्या कृपेवर जादू करणारी पुजारीण, खेळते. आमच्या डीएमनं (खेळ चालवणारा) न सांगता माझी देवी मारली, स्पेल सगळे बंद, आणि मी उरलेलं सेशन नुसती गदा फिरवत बसले. जुन्या थ्री पॉइंट फाइव्ह एडिशनमध्ये मेलेल्या देवाच्या क्लेरिकसाठी सर्व्हंट ऑफ द फॉलन नावाचं फीट (खास क्षमता) होतं. हे सांगितलं तर म्हणे आपण पाचवी खेळतोय.

कोपरखैरणे_डीएम: तो डीएम मीच. देवी आजारी असल्याच्या खुणा किती आधीपासून देत होतो, पण मॅडम दर वेळी ट्रान्स-हार्बर लोकल लेट म्हणून अर्ध्यात येणार आणि आल्यावर फोनमध्ये.

वाशीची_क्लेरिक: ठाण्याहून ऑफिस सुटल्यावर त्या गाडीत चढून दाखव एकदा, मग बोल. आणि "पुजारी खोकतोय" ही खूण असते होय?

मेलेला_मर्कुल: घरची भांडणं इथे नको रे 😂

घणसोली_भूमिपुत्र: तुम्ही सगळे तलवारीनं देव मारताय. आमच्याकडे सिडकोनं जमिनी घेतल्या, भातशेती गेली, चहूबाजूंनी टॉवर आले, तरी गावदेवीची जत्रा जोरात होते, लग्न होऊन लांब गेलेल्या पोरीसुद्धा येतात. माणसं यायची थांबली की देव मरतो, तुमच्या डाइसनं नाही.

घोडबंदर_रॉग: दादा, मुद्दा भारी, पण मग आरोडनचं काय? एवढे भक्त असताना गेला, आणि नंतर त्यातले बरेचसे आयोमेडे या देवीकडे वळले. आधी देव गेला, मग माणसं हलली.

घणसोली_भूमिपुत्र: तुमचे देव लेखकाच्या पगारावर आहेत, त्यांचं काय सांगू.

कोपरखैरणे_डीएम: डी अँड डीच्या ॲस्ट्रलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या लोकांच्या मधल्या पोकळीत, मेलेल्या देवांची प्रेतं दगड होऊन तरंगतात, गिथयांकी नावाच्या जमातीनं एकावर तर तुनारथ नावाचं शहरच वसवलंय. मी तिची देवी तिकडेच ठेवली होती, पार्टी तिथवर पोचणार होती. पण इथे ऐकतंय कोण.

वाशीची_क्लेरिक: हे आत्ता सांगतोयस? गदा फिरवताना सांगितलं असतंस तर मी गाडीत लटकूनसुद्धा वेळेवर आले असते.

कोपरखैरणे_डीएम: शनिवारी येणारेस का तेवढं सांग.

वाशीची_क्लेरिक: येते. पण पॅलाडिन, म्हणजे शपथ घेतलेला योद्धा, घेऊन. पाचवीत तो शपथेवर चालतो, आता मार देव.